नगरची प्रतबंदी आणि आकड्यांचे रंग

काही वर्षांमागे पारनेरकडचे माझे एक मामा माझ्याबरोबर एका संशोधन-संस्थेत आले होते. तेथे संगणकाच्या पडद्यावर सबंध नगर जिल्ह्याचा नकाशा दिसत होता. उपग्रहाने टिपलेल्या प्रकाशावरून पिकांच्या हिरवेपणाचा आकडा काढलेला होता, आणि त्या आकड्याप्रमाणे नकाशा पिवळा, नारिंगी, हिरवा असा रंगविलेला होता. काम करणारा तरुण मोठ्या आस्थेने माहिती सांगत होता. मामांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मग विचारले, "पोरा, यात आमचं रान कुठल्या रंगात आलं?" तरुण म्हणाला, "मामा, एवढ्या नकाशात तुमचं रान दिसायचं नाही. फार तर एखादा ठिपका असेल." मामा म्हणाले, "ठिपका तर ठिपका. पण रंग कुठला?"

आजच्या विषयाचे सारे मर्म मला त्या प्रश्नात दिसते. विषय नवा वाटेल: अफाट आकडे चाळून त्यांना रंग देऊन डोळ्यांपुढे आणणाऱ्या शास्त्रीय यंत्रणेचा. परंतु हा उद्योग आपल्या जिल्ह्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी, संगणकाचे नावही नसताना, कुदळ आणि साखळी घेऊन एकदा होऊन गेलेला आहे. तो इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला पडद्यावरील रंगांकडे पाहताना काही प्रश्न आपोआप सुचतात. म्हणून आधी इतिहास सांगतो.

तत्पूर्वी थोडा हिशेब. युरोपीय संघाचा सेंटिनेल-2 नावाचा उपग्रह 2015 पासून जमिनीची जी चित्रे घेतो, त्यांतील बारीकात बारीक चौकट दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असते. आता गुंठा म्हणजे काय? तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. तेहतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे उपग्रहाची चौकट आणि आपला गुंठा जवळजवळ एकच! हा निव्वळ योगायोग आहे. पण मला तो फार आवडतो, कारण त्यामुळे आकाशातून होणारी मोजणी आपल्या मापात सांगता येते. नगर जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे 17 हजार चौरस किलोमीटर. अशा चौकटी सतरा कोटींच्या घरात भरतात. आणि चांगल्या पडद्यावर ठिपके असतात वीस-एकवीस लाख. सारा पडदा जिल्ह्याने भरून टाकला तरी एकेका ठिपक्याच्या वाट्याला ऐंशीएक गुंठे, म्हणजे दोन एकर रान येणार. त्या ऐंशी गुंठ्यांचे ऐंशी आकडे असतात, रंग मात्र एकच द्यावयाचा असतो. तेव्हा चाळणे, वगळणे, सरासरी काढणे हे कोणाच्या लहरीवर नाही. त्यावाचून पाहताच येत नाही. प्रश्न एवढाच की काय वगळले आणि कोणी.

आता मागे वळू. नगरच्या निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर 1626 साली वारला. जमिनीची प्रत आणि प्रत्यक्ष येणारे पीक पाहून धारा बांधणारा म्हणून त्याचे नाव दख्खनमध्ये पुढे दोन शतके घेतले जात होते. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी जेव्हा महसुलाचा विचार सुरू केला, तेव्हा त्यांच्यापुढे गावोगावच्या वेगवेगळ्या वहिवाटी, मापे आणि दर यांचा डोंगर उभा होता. तो उपसण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने 1826 नंतरच्या काही वर्षांत केला. हा गृहस्थ विद्वान होता. इंग्लंडातील अर्थशास्त्र्यांच्या खंडविषयक सिद्धांताने त्याचे मन भारलेले होते. शेताचे उत्पन्न किती, त्यातून मजुरी, बी-बियाणे, बैल यांचा खर्च वजा जाता निव्वळ उरते किती, हे प्रत्येक प्रतीच्या जमिनीसाठी काढावयाचे आणि त्याच्या शेकडा 55 सरकारने घ्यावयाचे, असा त्याचा बेत. कागदावर तो निर्दोष होता. परंतु उत्पन्नाचे आणि खर्चाचे हजारो आकडे आणावयाचे कोठून? ते गावकामगार आणि कारकून यांनी पुरविले. काही अंदाजाने, काही भीतीने, काही लाच घेऊन. कच्च्या आकड्यांवर केलेले गणित जितके बारीक, तितकी त्यातली चूक भक्कम दिसते. धारा जड झाला, रयत गावे सोडून जाऊ लागली आणि ती पद्धत टाकून द्यावी लागली.

1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नवी पद्धत सुरू केली. पुढे डेव्हिडसन हा तिसरा अधिकारी त्यांना मिळाला, आणि तिघांनी मिळून 1847 साली जे संयुक्त निवेदन लिहिले तेच मुंबई इलाख्याच्या जमीन-मोजणीचे शास्त्र ठरले. 1848 पासून पुढील चार-पाच वर्षांत ही मोजणी नगर जिल्ह्यात फिरली. तिच्यातील ज्या भागाला आपल्या महसुली भाषेत 'प्रतबंदी' म्हणतात, त्याच्याशी मला आज कर्तव्य आहे.

प्रिंगलने जे शोधले ते या तिघांनी शोधलेच नाही. निव्वळ उत्पन्न किती या भानगडीत ते पडले नाहीत. डोळ्यांनी दिसेल आणि कुदळीने कळेल तेवढेच टिपावयाचे, असे त्यांनी ठरविले. प्रतबंदीचा कारकून शेतात येई. शेताची आकृती कागदावर काढून तिचे सारखे खाने पाडी. प्रत्येक खान्यात जमीन खणून दोन गोष्टी पाही: मातीची जात कोणती आणि ती किती हात खोल आहे. जाती तीन. बारीक, एकसारख्या पोताची, गडद काळीपासून तपकिरीपर्यंत रंगाची ती पहिली. पोत एकसारखा पण जरा भरड आणि रंग बहुधा तांबडा, ती दुसरी. खडीमिश्रित, भुसभुशीत, फिकट तपकिरी ते करड्या रंगाची ती तिसरी. आपला शेतकरी काळी, तांबडी, बरड म्हणतो तेच हे. जात आणि खोली यांवरून नऊ प्रती पडत, आणि त्यांची किंमत आण्यांत ठरलेली असे: 16, 14, 12, 10, 8, 6, साडेचार, 3 आणि 2. पावणेदोन हात खोल काळी सोळा आण्यांची. तितकीच खोल तांबडी चौदा आण्यांची. बरड जमीन एक हात खोल असली तरी सहा आण्यांच्या वर जात नसे.

याखेरीज दोष पाहिले जात. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीला चिकटपणा नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याखाली जाणे आणि झऱ्यांमुळे फार ओल राहणे असे सात दोष. प्रत्येकाला एक खूण ठरलेली, आणि एकेका दोषामागे तो खाना एकेक प्रत खाली. शेवटी साऱ्या खान्यांच्या आण्यांची सरासरी तो त्या शेताचा आकडा.

एक कल्पित शेत घेऊन पाहा. बारा खाने: चार बारा आण्यांचे, पाच आठ आण्यांचे, तीन साडेचार आण्यांचे. बेरीज साडेएकशेएक, बाराने भागता आठ आणे साडेपाच पै. आता कारकुनाने त्या मधल्या पाच खान्यांत वाळूची खूण केली तर ते आठावरून सहावर येतात आणि शेताची सरासरी सात आणे साडेसात पैंवर उतरते. माती तीच, शेत तेच. पाच बारक्या खुणांनी धाऱ्याचा सुमारे दहावा हिस्सा इकडचा तिकडे. खूण करणाऱ्या हाताला गावात किती मान मिळत असेल, हे सांगावयास नको.

त्या काळी रंगावरून आकडा निघत होता. आज आकड्यावरून रंग निघतो. मधला व्यवहार मात्र एकच आहे. अनंत छटांची माती नऊ कप्प्यांत बसवावयाची, कप्प्याच्या सीमेवर कुठेतरी रेघ ओढावयाची, खान्यांची सरासरी घ्यावयाची. युरोपात साधारण याच सुमारास हे काम उलट दिशेने सुरू झाले होते. ड्युपँ या फ्रेंच गणितज्ञाने 1826 साली फ्रान्सच्या जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षणाचे आकडे घेऊन नकाशा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांनी भरला. आकड्यांवरून छटांनी भरलेल्या नकाशांचा तो आद्य नमुना मानतात.

प्रतबंदीचे गुण मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. तिचे मूळ टिपण नष्ट होत नसे. शेताचा एक आकडा निघाल्यावरही प्रतिबुकात खाने, खोल्या आणि खुणा तशाच राहत. कोणाला वाटले की पुन्हा खणून पाहावे, तर कुठे खणावयाचे ते कागदावर होते. पाऊस, बाजाराचे अंतर आणि शेतीची सामान्य स्थिती यांचा विचार त्यांनी शेताच्या आकड्यात मिसळला नाही. त्यासाठी गावांचे गट करून प्रत्येक गटाला वेगळा कमाल दर लावला. एकीकडे माती, दुसरीकडे पाऊस आणि पेठ. दोन चाळण्या वेगळ्या ठेवल्या हे मला फार शहाणपणाचे वाटते. आजचे पुष्कळ नकाशे इतके काटेकोर नसतात.

आणि तरीही 1875 साली काय झाले? त्या वर्षीच्या 12 मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. वणवा आपल्या जिल्ह्यात आला. श्रीगोंदे, पारनेर, कर्जत, नगर या तालुक्यांतील गावे उठली. (पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच वर्षी. एकाच उन्हाळ्यात एकीकडे व्याख्याने आणि दुसरीकडे रोख्यांच्या होळ्या.) पुणे जिल्ह्यात तीस वर्षांची मुदत संपून वाढीव फेरआकारणी झाली होती, तिच्याकडे बोट दाखविणारे पुष्कळ होते. पण नगरच्या तालुक्यांत ती मुदत अजून संपावयाची होती. येथे कारण धाऱ्याच्या आकड्यात नव्हते. ज्या गोष्टीचा आकडाच घेतला नव्हता तिच्यात होते. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचे दिवस आले, सावकारांनी हात सैल सोडला. 1865 नंतर भाव कोसळले आणि सावकारांनी तोच हात आवळला. प्रतबंदीच्या पुस्तकात वाळूला खूण होती, चुनखडीला खूण होती, ओलीला खूण होती. कर्जाला खूण नव्हती.

याहून कडू भाग असा की त्या स्वच्छ, ठाम आकड्याने सावकाराचेच काम सोपे केले. पूर्वी जमिनीवर सरकारचे देणे किती निघेल याचा भरवसा नसे, तेव्हा तिच्यावर पैसा देणारा बिचकत असे. धारा तीस वर्षांसाठी निश्चित झाला आणि जमीन गहाण घेण्यासारखी चीज झाली. रयतेच्या भल्यासाठी केलेला नकाशा दुसऱ्याच्या कामी आला. चौकशीसाठी आयोग बसला, आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो लागू केलेल्या चार जिल्ह्यांत पुणे, सातारा, सोलापूर यांच्या जोडीला नगर होता.

मोजणीचा आणखी एक दोष काळाने दाखविला. विसाव्या शतकात गोदावरी आणि प्रवरा यांचे कालवे आले. 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस उभा राहिला, आणि त्याबरोबर काही काळ्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. ज्या जमिनी जुन्या पुस्तकात सोळा आण्यांच्या होत्या त्यांना सातवा दोष मागाहून जडला. कागद जागचा हलला नाही. धनंजयराव गाडगीळांनी या कालव्यांच्या बऱ्यावाईट आर्थिक परिणामांची पाहणी करून ती 1948 साली प्रसिद्ध केली. त्या प्रकारच्या पाहणीत आकड्यांच्या जोडीला माणसे असतात.

आता पडद्याकडे येऊ. आज शास्त्रज्ञ ज्या साधनांनी अवाढव्य आकडे पाहतात त्यांपैकी पॅराव्ह्यू हे एक प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील लॉस अलामॉसची प्रयोगशाळा आणि किटवेअर नावाची कंपनी यांच्या सहकार्यातून ते 2000 च्या सुमारास आकारास आले, 2002 मध्ये प्रथम लोकांस मिळाले, आणि आजही ते कोणालाही फुकट वापरता येते. वाऱ्याचा झोत, भूकंपाच्या लाटा, ढगांतील पाणी अशा गोष्टींचे कोट्यवधी आकडे त्यात घालतात आणि मग एकामागून एक चाळण्या लावतात. एक चाळण आकड्यांच्या राशीचा सुरीने काप काढावा तसा छेद दाखविते. दुसरी सारख्या किमतीची ठिकाणे जोडून रेघ किंवा पृष्ठभाग काढते. तिसरीला थ्रेशोल्ड म्हणतात. आपण उंबरठा म्हणू. अमुक आकड्यापासून तमुक आकड्यापर्यंतचे तेवढे ठेव, बाकीचे दृष्टिआड कर, अशी ती आज्ञा आहे. उरलेल्याला रंग. मूळ आकडे जसेच्या तसे राहतात, लावलेल्या चाळण्यांची उतरंड पडद्याच्या कडेला दिसत असते आणि कोणतीही चाळण काढून पुन्हा पाहता येते. प्रतिबुकाचा गुण तो हाच.

रंगांच्या बाबतीत मात्र फसगत सोपी आहे, आणि तिचे उदाहरण नगर जिल्ह्याइतके चांगले दुसरीकडे क्वचितच मिळेल. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीच्या माथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेला आणि दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेड यांच्या वाट्याला पाचशेच्या मागेपुढे. आता या जिल्ह्याच्या पावसाचे आकडे साधनात घातले आणि 'आकड्यांप्रमाणे रंगांची व्याप्ती लाव' हे बटण दाबले, तर ते जिल्ह्यातल्या सर्वांत लहान आकड्यापासून घाटमाथ्याच्या कमाल आकड्यापर्यंत, समजा पाच हजारांपर्यंत, रंग पसरविते. दहा पट्टे केले तर एकेक पट्टा पाचशेच्या जवळपासचा. पारनेरात 300 पडला काय किंवा 490 पडला काय, रंग एकच. 300 म्हणजे दावणीची जनावरे छावणीला, आणि 490 म्हणजे ज्वारी हाताशी. तो फरक नकाशावरून नाहीसा होतो. घाटमाथ्याच्या मुसळधार पावसाने पारनेरचा दुष्काळ झाकला जातो.

बरे, अकोले वगळून पाहिले तर? उंबरठ्याची चाळण लावून हजाराच्या वरचे सारे दृष्टिआड करा आणि व्याप्ती पुन्हा लावा. लगेच पूर्वभागात पाचसहा रंग उमटतात. एक थेंबही अधिक-उणा न होता पारनेरचा रंग बदलतो! दोन्ही नकाशांतील आकडे खरे आहेत. म्हणून रंगाचा नकाशा पाहताना नजर आधी कोपऱ्यातील रंगपट्टीवर गेली पाहिजे, आणि तेथे पट्टी नसेल तर नकाशावर विश्वास ठेवू नये, इतके कडक मत मी देईन.

इंद्रधनुष्याच्या रंगांचाही असाच घोटाळा आहे. ते दिसतात देखणे. परंतु पिवळा रंग डोळ्यांत भरतो आणि हिरव्याच्या पुष्कळ छटा एकमेकींत मिसळून जातात. त्यामुळे आकड्यांत जेथे उडी नाही तेथे रेघ दिसते, आणि आहे तेथे दिसत नाही. तांबडा-हिरवा भेद न कळणारे लोक तर निराळेच चित्र पाहतात. मोरलँड या संशोधकाने 2009 साली निळ्यातून फिकट राखाडीकडे आणि तेथून तांबड्याकडे जाणारी मवाळ रंगपट्टी सुचविली. पॅराव्ह्यूने तीच पुष्कळ वर्षे आपली नेहमीची म्हणून वापरली. मजेची गोष्ट ही की जेथे आकडाच उपलब्ध नाही त्या जागेसाठीही या साधनात एक वेगळा रंग राखून ठेवलेला असतो. 'ठाऊक नाही' याला रंग! जुन्या प्रतबंदीच्या वहीत कर्जासाठी असा एखादा कोरा रकाना असता, तरी निदान तेथे काही वगळले आहे एवढे दिसले असते.

हे सारे केवळ विद्वानांच्या दालनातले राहिलेले नाही. आपल्याकडे गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली म्हणजे टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. 1957 मध्ये दशमान नाणी आली तरी लोक तिला अजून आणेवारीच म्हणतात. एकोणपन्नासला गाव आत, एक्कावन्नला बाहेर; उंबरठ्याची चाळण याहून स्पष्ट कोठे दिसावी? केंद्र सरकारच्या 2016 च्या दुष्काळ-संहितेने पाऊस ही पहिली कसोटी ठेवली आणि पेरणी, जमिनीतील ओल, पाणीसाठे व उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती या पुढच्या. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष शेतांवर जाऊन पडताळा. म्हणजे शेवटी कुदळीचे स्थान राखलेच. याच क्रमाने 2018 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील 151 तालुके दुष्काळी म्हणून जाहीर झाले, त्यांत नगर जिल्ह्यातलेही होते. जाहीर झाले ते तालुके. तालुक्याच्या शिवेवर एकाच ओढ्याच्या दोन काठांना दोन निर्णय लागू शकतात, आणि ओढा तर दोन्हीकडे सारखाच कोरडा असतो.

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावाने निराळी वाट धरली. तेथे गावाचा पाऊस आणि विहिरींची पातळी गावातच मोजतात, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडतात आणि त्यावरून रब्बीला काय पेरावयाचे ते ठरवितात. आकडे थोडे आहेत. पण मोजणारा, रेघ ओढणारा आणि त्या रेघेचे फळ भोगणारा ही तिन्ही माणसे एकाच मांडवात बसलेली असतात. विंगेट-गोल्डस्मिड यांना ही सोय नव्हती, आणि आमच्या पडद्यापुढच्या तरुणालाही नव्हती.

तो तरुण मात्र भला होता. मामांचा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला नाही. गावाचे नाव विचारले, नकाशा मोठा करीत करीत आमच्या शिवारावर आणला. जो एक ठिपका होता त्याचे सव्वाशे झाले. मामांचे रान तीन एकरांचे, तेव्हा ते बरोबरच होते. वरचा सारा भाग पिवळट नारिंगी होता आणि खाली ओढ्याच्या बाजूला एक गर्द हिरवी पट्टी. तरुण खूश होऊन म्हणाला, "हे बघा मामा, इथं तुमचं पीक जोरात आहे." मामांनी चष्मा वर करून पडद्याजवळ तोंड नेले.

"वरची बाजरी काढून आठ दिवस झाले, म्हणून ती पिवळी," ते म्हणाले. "आणि हिरवं म्हणतोस ना, ती वेडी बाभळ आहे."